रूपसी : युद्धकालीन धावपट्टीवर उभा राहिलेला नागरी विमानतळ

आसामच्या पश्चिम टोकाला, कोक्राझार जिल्ह्यात असलेला रूपसी विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने बांधला. मित्रराष्ट्रांच्या फौजांना शस्त्रास्त्रे, मनुष्यबळ आणि दारूगोळा पुरवणे हा त्याचा मूळ उद्देश होता. युद्ध संपल्यावर तो नागरी वापरात आला आणि १९८३ पर्यंत इंडियन एअरलाइन्सची व काही खासगी कंपन्यांची विमाने येथून कोलकाता आणि गुवाहाटीला ये-जा करीत होती. त्यानंतर प्रवासी वाहतूक पूर्णपणे थांबली. ८ मे २०२१ रोजी, तब्बल ३८ वर्षांनी, ‘उडान’ या प्रादेशिक हवाई संपर्क योजनेखाली येथून पुन्हा प्रवासी विमान उडाले.

या विमानतळावर प्रामुख्याने अवलंबून असलेले शहर म्हणजे धुबरी. ब्रह्मपुत्रा आसाममधून वाहत येऊन दक्षिणेकडे वळते आणि बांगलादेशात शिरते, त्या वळणावर हे जुने बंदर वसले आहे. सदियापर्यंत जाणारा ८९१ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २ येथूनच मोजला जातो. विमको कंपनीच्या आगपेट्यांचा एक कारखाना अंबरनाथला होता, तसा एक धुबरीलाही होता. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो बंद पडला. जवळचे गौरीपूर हे जमीनदारीचे गाव. १९३५ च्या ‘देवदास’चे दिग्दर्शक प्रमथेश बरुआ याच घराण्यातले, आणि गोवालपारिया लोकगीतांना मंचावर आणणाऱ्या प्रतिमा बरुआ पांडेही याच घराण्यातल्या. धुबरीतील गुरुद्वारा गुरू तेगबहादूर यांच्या सतराव्या शतकातील आसाम भेटीशी निगडित असून दरवर्षी डिसेंबरमध्ये तेथे देशभरातून भाविक येतात. एवढा इतिहास आणि एवढी वर्दळ असलेल्या या भागाला चार दशके विमान नव्हते. धुबरीहून राज्याच्या राजधानीला जायचे, तर अडीचशे किलोमीटरहून अधिक रस्ता किंवा रेल्वेप्रवास करावा लागे.

युद्धाची गरज

१९४२ च्या पहिल्या काही महिन्यांत आसामचे लष्करी महत्त्व एकाएकी वाढले. ८ मार्चला रंगून जपानच्या हाती पडले आणि एप्रिलअखेर लाशिओही गेले. चीनला रसद पोहोचवणारा ब्रह्मदेशचा रस्ता तुटला. तोपर्यंत चहा, तेल आणि लाकूड यांच्यासाठी ओळखला जाणारा हा प्रदेश थेट आघाडीच्या पिछाडीचा भाग बनला. वरच्या आसामात दिनजान, चाबुआ, मोहनबारी, सुकेरेटिंग, जोरहाट, मिसामारी, तेजपूर असे तळ उभे राहिले वा वाढवले गेले. पूर्व हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनच्या कुनमिंगकडे जाणारा, वैमानिकांच्या बोलीत ‘हंप’ म्हणून ओळखला गेलेला हवाई मार्ग तेथून चालवला गेला. नोव्हेंबर १९४५ पर्यंत या मार्गाने साडेसहा लाख टनांच्या आसपास माल गेला आणि त्यासाठी सुमारे सहाशे विमाने गमवावी लागली. वादळ, बर्फ आणि डोंगरावरचे ढग यांनी शत्रूपेक्षा अधिक विमाने घेतली.

रूपसी या आघाडीच्या तोंडावर नव्हते. नकाशा पाहिला की त्याचे स्थान स्पष्ट होते : बंगाल आणि वरचा आसाम यांच्या मधोमध, दळणवळणाच्या मुख्य रेषेवर. त्या काळी कोलकात्याहून येणारा माल ब्रॉडगेजने पार्वतीपूरपर्यंत येई. तेथे तो उतरवून मीटरगेजच्या डब्यांत भरला जाई आणि लालमणिरहाट, गोलकगंज, फकीराग्राम अशा मार्गाने अमीनगावला पोहोचे. पुढे ब्रह्मपुत्रेवर पूल नसल्याने डबे तराफ्यांवरून पांडूला नेले जात. ही रेल्वे शांततेच्या काळातील चहाच्या पेट्यांसाठी होती, दोन सैन्यांच्या रसदीसाठी नव्हे. मार्च १९४४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या रेल्वे तुकड्यांना तिच्यावरचा मोठा पट्टा चालवायला घ्यावा लागला, यावरून तिच्यावरील ताणाची कल्पना येते. गोलकगंज आणि फकीराग्राम ही दोन्ही स्थानके रूपसीच्याच परिसरातली. रेल्वे तुंबेल तेव्हा हवाई पर्याय हवा, हे अशा जागी धावपट्टी बांधण्यामागचे साधे गणित होते.

या प्रदेशातील युद्धकालीन धावपट्ट्या ज्या हातांनी बांधल्या, त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. यंत्रसामग्री उशिरा आली. तोपर्यंत नदीपात्रातले गोटे डोक्यावरच्या टोपल्यांतून वाहून, हाताने फोडून, थरांवर थर रचून काम चालले. चहामळ्यांतील आणि आसपासच्या खेड्यांतील मजुरांत स्त्रियांची संख्या मोठी होती. भातखाचरांच्या चिखलात पाया घालायचा आणि पावसाळ्यात तो टिकवायचा, ही त्या कामातली खरी कसोटी होती. आसामच्या पावसापुढे डांबरापेक्षा पाण्याचा निचरा महत्त्वाचा असतो, आणि ही गोष्ट तेव्हाच्या अभियंत्यांना फार लवकर कळली.

रूपसीच्या धावपट्टीची लांबी सुमारे १,८०० मीटर आहे. हा आकडा युद्धकालीन हिशेबाशी जुळतो. जड बॉम्बफेकी विमानांसाठी त्या वेळी ब्रिटिशांनी मुख्य धावपट्टीचे प्रमाण ६,००० फूट, म्हणजे जवळपास एवढेच धरले होते. आज प्रादेशिक मार्गांवर सर्वाधिक दिसणाऱ्या एटीआर-७२ या पंखा-इंजिनाच्या विमानाला पूर्ण भाराने उडण्यासाठी साधारण १,३०० मीटर धावपट्टी लागते. ऐंशी वर्षांपूर्वीची युद्धाची गरज अशा रीतीने आजच्या सत्तर आसनी प्रवासी विमानाला आयती उपयोगी पडली. या योगायोगाचे मोल शेजारच्या कूचबिहारकडे पाहिले की कळते. संस्थानी काळातील त्या विमानतळाची धावपट्टी १,१०० मीटरही भरत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथून कोलकात्याची सेवा सुरू झाली, ती नऊ आसनी विमानाने.

फाळणीनंतर

युद्ध संपले आणि दोनच वर्षांत दुसरे संकट आले. १९४७ च्या फाळणीने आसामकडे जाणारी रेल्वे पूर्व पाकिस्तानात गेली. पार्वतीपूर आणि लालमणिरहाट ही दोन्ही स्थानके सीमेपलीकडची झाली. धुबरी एका दिवसात सीमावर्ती शहर बनले. उर्वरित भारताशी आसामचा जमिनीवरचा धागा उत्तर बंगालच्या चिंचोळ्या पट्टीतून नव्याने विणावा लागला. किशनगंज ते फकीराग्राम हा सुमारे २२९ किलोमीटरचा ‘आसाम रेल लिंक’ तिस्ता, तोरसा, संकोश अशा लहरी नद्या ओलांडत दोन वर्षांत पूर्ण झाला आणि २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, त्यावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली.

या मधल्या काळात आणि नंतरही ईशान्येला हवाई वाहतुकीने तारले. युद्धानंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या डकोटा विमानांवर देशात अनेक खासगी कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. पूर्व भारतात त्यांनी प्रवाशांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, माल वाहिला. डकोटाला फार लांब किंवा फार चांगली धावपट्टी लागत नसे. लष्कराने मागे सोडलेले तळ तिला पुरेसे होते. १ ऑगस्ट १९५३ रोजी हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली. रूपसीला सरकारी विमान येऊ लागले ते याच व्यवस्थेतून.

ही सेवा का थांबली, याचे एकच एक कारण सांगणे कठीण. परंतु काळाचा प्रवाह कोणत्या दिशेने होता ते दिसते. डकोटा निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या फोकर आणि अॅव्रोही पुढे थकल्या. महामंडळाचे लक्ष जेट विमानांकडे आणि मोठ्या शहरांच्या मार्गांकडे गेले. छोट्या गावांसाठी, विशेषतः ईशान्येसाठी, जानेवारी १९८१ मध्ये ‘वायुदूत’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. हेतू योग्य होता, पण तोटा पेलण्याची व्यवस्था नव्हती आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली. रूपसीत तोवर शांतता पसरून दहा वर्षे लोटली होती.

न वापरलेली धावपट्टी जशीच्या तशी राहत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. डांबर उन्हाने कडक होते, त्याला भेगा पडतात, भेगांत पाणी आणि पाण्यामागोमाग गवत शिरते. निचऱ्याचे चर बुजले की पायाच भुसभुशीत होतो. जास्त पावसाच्या प्रदेशात ही प्रक्रिया वेगाने घडते. शिवाय विमान नसले की दिवे, दळणवळण यंत्रणा, अग्निशमन दल, कुंपण आणि परवाना यांतले काहीच शिल्लक राहत नाही. बंद विमानतळ पुन्हा सुरू करणे म्हणजे प्रत्यक्षात नवा विमानतळ बांधणे. फक्त जमीन संपादनाचा खटाटोप वाचतो.

बंद राहिलेली ही वर्षे या भागासाठी साधी नव्हती. १९८७ नंतर बोडो आंदोलन तीव्र झाले. १९९३, २००३ आणि २०२० असे तीन करार झाले. २००३ च्या कराराने स्थापन झालेल्या बोडोलँड प्रादेशिक परिषदेचे मुख्यालय कोक्राझार येथे आहे. २०१२ च्या हिंसाचारात कोक्राझार, धुबरी आणि लगतच्या जिल्ह्यांतून चार लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले. बंद आणि संचारबंदी असली की महामार्ग व रेल्वे दोन्ही अडत. गंभीर रुग्णाला गुवाहाटी वा कोलकात्याला हलवायचे, तर दुसरा मार्ग नसे. रूपसी सुरू करण्याची मागणी या अनुभवातून आलेली आहे. अनेक ठिकाणी विमानतळाची मागणी प्रतिष्ठेपोटी होते. येथे ती तशी नव्हती.

पुनरुज्जीवन

भारतीय विमानतळ प्राधिकरणाने सुमारे ६९ कोटी रुपये खर्चून रूपसीची नव्याने उभारणी केली. धावपट्टीची दुरुस्ती, विमाने उभी करण्याची जागा आणि प्रवासी इमारत अशी ही कामे होती. ८ मे २०२१ रोजी गुवाहाटी–रूपसी–कोलकाता या मार्गावर फ्लायबिग कंपनीचे एटीआर-७२ विमान सुरू झाले. तो करोनाच्या दुसऱ्या लाटेचा काळ होता. देशभर विमाने रिकामी जात होती, आणि नव्या मार्गासाठी त्याहून प्रतिकूल मुहूर्त सापडणे अवघड होते.

ज्या योजनेने हे घडवले, तिचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. ‘उडान’ योजना २१ ऑक्टोबर २०१६ रोजी जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली विमानाने तिची सुरुवात झाली. त्याच दिवशी कडप्पा आणि नांदेड येथून हैदराबादच्या सेवांनाही प्रारंभ झाला. (गुरू तेगबहादूर यांच्या स्मृतीचे धुबरी आणि त्यांचे पुत्र गुरू गोविंदसिंग यांच्या अखेरच्या दिवसांचे नांदेड, ही दोन्ही तीर्थे अशा रीतीने एकाच योजनेच्या नकाशावर आली. नांदेडलाही सेवा खंडित होण्याचा अनुभव पुढे घ्यावा लागला.)

योजनेत विमान कंपन्या बोली लावून मार्ग मिळवतात. विमानातील निम्म्या जागा, किमान नऊ आणि कमाल चाळीस, ठरावीक कमाल भाड्यात विकाव्या लागतात. सुरुवातीला हे भाडे एक तासाच्या किंवा सुमारे ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपये होते. त्यातून येणारी तूट सरकार तीन वर्षे भरून देते. त्यासाठीचा निधी प्रामुख्याने मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकारलेल्या शुल्कातून उभा राहतो. राज्यांचा वाटा २० टक्के, तर ईशान्येकडील राज्यांचा १० टक्के आहे. राज्य सरकारांनी इंधनावरील मूल्यवर्धित कर एक टक्क्यापर्यंत खाली आणायचा, सुरक्षा व अग्निशमन सेवा विनामूल्य द्यायची आणि वीज-पाणी सवलतीत पुरवायचे, असेही ठरलेले आहे. तीन वर्षे त्या मार्गावर त्या कंपनीचा एकाधिकार असतो. या काळात प्रवासी तयार व्हावेत आणि चौथ्या वर्षी मार्ग स्वतःच्या पायांवर उभा राहावा, अशी अपेक्षा आहे.

ही अपेक्षा बहुतांश ठिकाणी पूर्ण झालेली नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२३ मधील अहवालानुसार ‘उडान’च्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत देण्यात आलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले, त्यांपैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिलेले मार्ग होते अवघे ५४. सिक्कीममधील पाक्योंग विमानतळ सप्टेंबर २०१८ मध्ये मोठ्या समारंभाने सुरू झाला. वर्ष पूर्ण होण्याआधी, जून २०१९ मध्ये, तेथील विमाने थांबली.

रूपसीच्या बाबतीत अंतराचे गणित विशेष अडचणीचे आहे. कोलकात्याचे हवाई अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास भरते, तर गुवाहाटीचे पावणेदोनशेच्या आत. विमानाचे सर्वाधिक इंधन उड्डाण आणि चढाईत जळते. त्यामुळे छोटा टप्पा प्रति किलोमीटर महाग पडतो आणि त्याचे भाडे मात्र कमीच ठेवावे लागते. गुवाहाटीकडे जाणाऱ्याला रात्रीची रेल्वे किंवा वाहन हा पर्याय असतोच. कोलकात्याचे तसे नाही. उपचार, शिक्षण आणि व्यापार यांसाठी या भागाचा ओढा पूर्वापार कोलकात्याकडे आहे, हे ध्यानात घेतले, तर विमानतळाचे भवितव्य प्रामुख्याने त्या एका मार्गावर ठरते.

दुसरी अडचण हवामानाची. लहान विमानतळांवर उपकरणांच्या आधारे उतरण्याची सोय नसेल, तर वैमानिकाला डोळ्यांनी जमीन दिसावी लागते आणि त्यासाठी किमान पाच किलोमीटर दृश्यमानता आवश्यक असते. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात हिवाळ्यातील सकाळचे धुके आणि पावसाळ्यातील मुसळधार सरी ही अट वारंवार मोडतात. आठवड्यात दोनदा विमान रद्द झाले की प्रवासी रेल्वेचे आरक्षण करून ठेवतो, आणि मग विमान वेळेवर आले तरी तो त्यात बसत नाही. एकदा गेलेला विश्वास परत मिळवण्यास महिने लागतात. छोट्या कंपन्यांकडे विमाने मोजकीच असल्याने एक दुरुस्तीला गेले तरी संपूर्ण वेळापत्रक कोसळते.

मे २०२१ पासून मोजल्यास तीन वर्षांची मुदत मे २०२४ मध्ये भरते. योजनेच्या कालमर्यादेवर टीका झाल्यानंतर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘उडान’चे सुधारित रूप जाहीर केले. दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याचे आणि चार कोटी प्रवाशांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. डोंगराळ, आकांक्षित आणि ईशान्येकडील जिल्ह्यांतील छोट्या विमानतळांना साहाय्य देण्याचा उल्लेखही आहे. नवी ठिकाणे जोडण्याइतकेच आधी जोडलेली टिकवणे महत्त्वाचे आहे, याची जाणीव या सुधारित योजनेत कितपत उतरते, हे रूपसीसारख्या ठिकाणीच दिसेल.

विमानतळाच्या प्रवासीक्षेत्रात मोठा बदल घडवू शकणारे एक काम मात्र धुबरीतच चालू आहे. ब्रह्मपुत्रेवर धुबरी आणि मेघालयातील फुलबारी यांना जोडणारा सुमारे १९ किलोमीटर लांबीचा पूल उभा राहत आहे. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी, म्हणजे रूपसीचे पहिले विमान उडण्याच्या तीन महिने आधी, त्याची पायाभरणी झाली. जपानच्या अर्थसाहाय्याने होत असलेला हा पूल पूर्ण झाल्यावर पाण्यावरील भारतातील सर्वांत लांब पूल ठरेल. आज नावेने नदी ओलांडायची नसेल, तर या दोन गावांमधला रस्ता २०० किलोमीटरहून अधिक पडतो. पूल झाल्यावर गारो टेकड्यांतील तुरा आणि आसपासच्या लोकांसाठी रूपसी हा सोयीचा विमानतळ होऊ शकतो. या लोकांना आजवर विमानासाठी गुवाहाटीच गाठावी लागत आली आहे.